पोट्टा भेटला! जिवंत सापडलेल्या मुलाभोवतीचे पहिले छत्तीस तास

गुरुवारी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मंदिराच्या भोंग्यावरून तीनच शब्द आले: "भेटला! पोट्टा भेटला!" आणि भोंगा बंद झाला. कुठं भेटला, कसा आहे, कोणी आणला, वावरात शोधत असलेल्यांनी आता काय करायचं, यातलं काहीच नाही. पुढच्या दीड दिवसात या गावात जे बिघडलं, त्यातलं निम्मं तरी त्या तीन शब्दांनंतर न आलेल्या वाक्यांमुळे बिघडलं.

हे प्रकरण कुण्या एका गावाचं नाही. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्राम बाल संरक्षण समितीच्या सदस्यांसाठी ते बांधलं आहे. कापूसपट्ट्यातल्या गावांत जसं घडतं तसंच त्यात ठेवलं, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही. हरवलेलं मूल शोधायचं कसं यावर बरंच सांगितलं जातं. सापडल्यावर गावानं काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. सापडला म्हणजे संपलं असं सगळे धरून चालतात.

गाव चारेकशे घरांचं, यवतमाळ-वर्धा भागात असतं तसं. पोलीस ठाणं १४ किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय २२ वर, जिल्ह्याचं ठिकाण ७० वर. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. दिवस तान्ह्या पोळ्याचा. आदल्या दिवशी बैलांचा पोळा झालेला. पहाटे दारातले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, गावाच्या शिवेवर नेऊन टाकताना इडापिडा घालवायची "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी झालेली. दुपारनंतर पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, मागत फिरत होती. या मुलानं शेजाऱ्यांचा सागवानी नंदी मागून आणला होता. नालीत चाक अडकलं, नंदी उलटला, एक चाक निखळलं आणि शिंग तुटलं. तिथून मुलगा घरी गेलाच नाही. ही गोष्ट गावाला कळायला तीन दिवस लागले. दोन मित्रांनी नंदी पडताना पाहिला होता, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. मोठी माणसं मोठ्यांनाच विचारत होती.

शोधाबद्दल थोडक्यात

संध्याकाळी साडेसातला आईच्या लक्षात आलं. रात्री अकराला गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली, अपहरण, अज्ञात आरोपीविरुद्ध. त्यावर घरच्यांनी दचकायचं कारण नाही. १० मे २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून तपास करायचा. 'चोवीस तास वाट पाहा' असा कायदा नाही, कधी नव्हताही.

रात्र अमावास्येनंतरची, चंद्र नावालाही नाही. पऱ्हाटी (कापसाची झाडं) कमरेपर्यंत, त्यात मधल्या ओळीत तूर, नाल्याच्या काठी गुडघाभर गवत. पोलीस पाटलांनी एक काम नीट केलं: शाळेची शंभर पानी वही घेतली आणि शोधायला जाणाऱ्या प्रत्येक टोळीचं नाव, माणसं, मोबाइल नंबर, कोणत्या धुऱ्यानं (बांधानं) गेली आणि किती वाजता, हे लिहिलं. बुधवारी रात्रीपर्यंत वहीत ६४ नावं होती. दुसरं काम राहिलं. रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) काही धुऱ्यांवर तारा ओढलेल्या असतात. त्यातल्या काही झटका मशीनच्या, काहींत चोरून थेट लाइन सोडलेली. अंधारात माणसं सोडण्याआधी लाइनमनला सांगून शेतीचा फीडर बंद करून घ्यायचा आणि विहिरींवर दोरी-बॅटरीसह वेगळी टोळी लावायची. झटका मशीन बॅटरीवर चालते, फीडर बंद करून ती थांबत नाही, म्हणून तिच्या मालकाला उठवूनच ती बंद करायला लावायची. विहिरी पाहिल्या गेल्या, फीडर चालूच राहिला.

मुलगा अडीच किलोमीटरवर, नाल्यापलीकडच्या एका पडीक कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, होता. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर चढून मागच्या बाजूला झोपला होता. बुधवारी दुपारी एक टोळी त्या कोठ्यापर्यंत आली होती. दारातून आत पाहिलं, हाका मारल्या. त्यातला एक काका रागात ओरडला होता, "भेटू दे, तंगडंच तोडतो!" मुलानं ते ऐकलं आणि कुटारात आणखी खोल शिरला. मार बसेल या भीतीनं लपलेलं मूल हाकेला ओ देत नाही, हे शोधणाऱ्यांनी धरूनच चालायला हवं. अशा मुलासाठी हाक आईच्या नाहीतर शाळेतल्या बाईंच्या आवाजात द्यायची, "कोणी मारणार नाही बाळा" हे त्यात यायला हवं, आणि प्रत्येक हाकेनंतर दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचं. गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं.

आणणाऱ्याची कॉलर

गुरुवारी सकाळी साडेसहाला त्याला शोधलं ते जवळच्या पारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) एका माणसानं. त्याची बकरी रात्रीपासून आली नव्हती, म्हणून तो कोठ्यात डोकावला. मुलाला पाणी पाजलं, आपला शर्ट काढून अंगावर घातला, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि पांदणीनं गावाकडं निघाला. फोन होता, पण तिथं रेंज नव्हती.

गावाच्या तोंडाशी तीस-चाळीस माणसं होती. एका बाईनं मुलाला दांडीवरून उचललं आणि रडत छातीशी धरलं. त्याच क्षणी दोघांनी सायकलवाल्याची कॉलर पकडली. "तुझ्याजवळ कसा आला बे?" उघड्या अंगाचा माणूस, त्याचा शर्ट मुलाच्या अंगावर, आणि माणूस बेड्यावरचा. जमावाला एवढं पुरलं. पारध्यांवरचा 'गुन्हेगार जमात' हा शिक्का १८७१ पासूनच्या ब्रिटिश कायद्यांनी बसला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून उतरला. गावाच्या मनातून तो उतरला नाही, हे अशा सकाळी दिसतं.

पोलीस पाटील मध्ये शिरले. त्यांचं वाक्य तसंच नोंदवण्यासारखं आहे: "यानं पोट्टा आनला, नेला नाही. हात खाली घ्या." त्यांनी समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. त्या माणसाला स्वतःच्या ओट्यावर नेऊन बसवलं, चहा दिला, घालायला शर्ट दिला, दारात दोन माणसं उभी केली आणि ठाण्याला फोन लावला. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला तो साक्षीदार म्हणून, आणि तोही पाटलांच्या घरीच. त्याला गाडीत घालून ठाण्यात नेलं असतं तर त्याचा अर्थ गावानं आपापल्या परीनं लावला असता, आणि पुढचं मूल सापडलं की बेड्यावरचा माणूस दुसऱ्या वाटेनं निघून गेला असता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे एकटं सापडलेलं मूल आढळलं की २४ तासांच्या आत चाइल्डलाइनला, जवळच्या पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं असतं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. या माणसानं एका तासात मूल गावात आणलं. कायद्याला त्याच्याकडून आणखी काही नको होतं.

आईच्या हातात यायला पंचवीस मिनिटं

गावाच्या तोंडापासून घर तीनशे मीटर. मुलगा तिथं पोचायला पंचवीस मिनिटं लागली. या हातातून त्या हातात गेला. कोणी पेढा तोंडात कोंबला, कोणी केळं, कोणी थंड सरबत. कपाळाला गुलाल लागला. एका तरुण कार्यकर्त्यानं हार मागवला आणि मुलाला खांद्यावर बसवून फोटो काढला. घरी आल्यावर आई उंबऱ्यात बसलेली होती, तिला उठताच आलं नाही. मग आजीनं दृष्ट काढली, मग नवस बोललेल्या मारुतीला नारळ, मग शेजारच्या गावच्या देवीला जायची टूम निघाली. रुग्णालयात पोचले ११ वाजून २० मिनिटांनी, म्हणजे ३ तास ४० मिनिटं उशिरा.

आमचं मत असं की दृष्ट काढण्यावरून वाद घालू नये. मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात आणि आजीचे हात स्थिर होतात. पण अंगारा पोटात जाऊ देऊ नये, भगताकडं नेऊ नये, देवीला आठ दिवसांनी जावं. तेवढे दिवस देवी थांबते.

सदतीस तास बाहेर राहिलेल्या मुलाला आधी काय द्यायचं? ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि ते पेल्यानं नाही, चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. रिकाम्या पोटी पेढा आणि सरबत एकदम गेलं की मूल ओकतं. ओकलं की माणसं घाबरतात, आणि घाबरली की आणखी काहीतरी पाजतात. या मुलालाही घरी पोचेपर्यंत दोनदा उलटी झाली. आता ती उलटी पेढ्याची की विषाची, हे ठरवणं डॉक्टरला अवघड झालं. कारण मुलानं कोठ्यातल्या एका पांढऱ्या कॅनमधलं पाणी प्यायलं होतं, आणि ती कॅन फवारणीचं पाणी आणायची. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या होतात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामातल्या विषबाधांनंतर यवतमाळ भागातल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गावातल्या माणसाला मात्र सांगावं लागतं: मुलानं जे प्यायलं ते भांडं सोबत घेऊन जा.

दुसरी भीती मण्यारची. हा साप रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, खूण बहुधा दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. लोक म्हणतात, "थकला आहे, झोपू द्या." कुटारात झोपून आलेलं मूल डोळे उघडे ठेवू शकत नसेल तर ते थकलंय की आणखी काही, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. म्हणून १०८ ला फोन सापडल्या क्षणी करायचा. घरच्यांचं रडून होईपर्यंत गाडी वाटेत असते.

तिसरी गोष्ट दहा दिवसांनंतरची, म्हणून सगळे विसरतात. पावसाळ्यात गवत-झुडपात झोपलेल्याला स्क्रब टायफस होऊ शकतो. बारीक किडीच्या चाव्यातून येतो, ताप साधारण ६ ते २१ दिवसांत येतो, आणि काखेत, जांघेत किंवा कानामागं सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. २०१८ मध्ये नागपूर भागात याची मोठी लागण झाली होती. औषध स्वस्त आहे, उशीर महागात पडतो. रुग्णालयातून सुटी देताना आशाताईला सांगायचं: तीन आठवडे ताप आला का, हे विचारत राहा, आणि ताप आला की "पोरगं रानात झोपलं होतं" हे डॉक्टरला आधी सांगा.

तपासणीत वजन, ताप, नाडी, रक्तातली साखर, लघवी होते का, तळपायाचे काटे, अंगावरच्या चाव्याच्या खुणा, हे सगळं झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवलं. आत फक्त आई. बाहेरच्या पंचवीस जणांना पाटलांच्या मुलानं रुग्णालयाच्या गेटवर थोपवलं, हे काम कमी समजू नये.

अकरा जणांचे प्रश्न

सकाळी पावणेआठ ते अकरा या वेळात मुलाला अकरा माणसांनी प्रश्न विचारले. बहुतेक प्रश्न प्रश्न नव्हतेच.

"तुले कोनं नेलं?"

मुलगा गप्प.

"गाडी होती का?"

गप्प.

"ओमनी होती नं? पांढरी होती नं?"

मुलानं मान हलवली.

सात वर्षांचं मूल मान का हलवतं? समोरच्या मोठ्या माणसाला उत्तर हवंय हे त्याला कळतं. मान हलवली की प्रश्न थांबतो. शिवाय या मुलाला गाडीचा आधार सोयीचाच होता, कारण गाडीनं नेलं असेल तर नंदी मोडल्याचं कोणी विचारणार नाही. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. मोठ्यांनी दार उघडून दिलं, तो आत शिरला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओमनीत दोन माणसं आली. तिसऱ्यांदा त्यातल्या एकाच्या डोक्याला रुमाल आला.

सापडलेल्या मुलाला घरच्यांनी लगेच विचारायचे प्रश्न चारच: कुठं दुखतंय? काय खाल्लं, काय प्यायलं? काही चावलं का? अजून कोणी मूल तिकडं आहे का? हे चारही जीव वाचवणारे आहेत. बाकीचं सगळं पोलिसांसाठी. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यानं साध्या कपड्यात, आईजवळ बसून, "काय झालं ते सांग" असं मोकळं विचारायचं आणि मग गप्प राहायचं. शुक्रवारी ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्यांनी तेच केलं. बारा-पंधरा मिनिटं मुलगा खडूनं फरशीवर रेघा ओढत होता. मग म्हणाला, "नंदी मोडला म्हनून मले मारतीन असं वाटलं." ओमनी तिथंच संपली.

पण गुरुवारी दुपारी ती ओमनी कुठं कुठं गेली होती ते पाहा. साडेअकरापर्यंत ती चार गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती, मुलाच्या फोटोसह: "पांढरी ओमनी, दोन इसम, सावध राहा." दुपारी दोनला शेजारच्या गावात केसांवर भांडी देणाऱ्या दोन बाया आणि त्यांच्यासोबतच्या माणसाला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं. बाहेर दीडशे माणसं. त्या गावच्या सरपंचबाईंनी खोलीला आतून कडी लावून घेतली, स्वतः आत बसल्या आणि ११२ ला फोन केला. पोलीस यायला पस्तीस मिनिटं लागली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीतच ठेचून मारलं होतं. तिथं मूल हरवलेलंही नव्हतं. इथं तर हरवलं होतं आणि मान हलवून साक्षही दिली होती.

म्हणून शोध बंद करणारा मेसेज शोध सुरू करणाऱ्या मेसेजइतक्याच वेगानं आणि त्याच ग्रुपवर जायला हवा. पाटलांनी तो संध्याकाळी पाचला टाकला, नऊ तास उशिरा. सकाळी आठला असा जायला हवा होता:

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हरवलेला मुलगा आज गुरुवारी सकाळी सापडला आहे. त्याला दवाखान्यात नेत आहोत. शोध थांबवला आहे, वावरात असलेल्यांनी शाळेसमोर येऊन नाव नोंदवावं. काय घडलं याचा तपास पोलीस करत आहेत. गाडी, माणूस, टोळी याबद्दल काहीही पुढं पाठवू नये. आधीचा फोटो आणि मेसेज डिलीट करावा. माहितीसाठी फक्त पोलीस ठाण्यात फोन करावा."

यात 'कोणी पळवलं नव्हतं' असं लिहिलेलं नाही. आठ वाजता ते कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नसलेलं सांगितलं की उद्या खरं सांगायची पत जाते. मुलाचं नावही नाही. शोधासाठी फोटो फिरवणं ही गरज होती, मूल सापडल्या क्षणी ती संपली. पुढं त्याचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं-दाखवणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली येतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हार घातलेला तो फोटो गुरुवारी रात्रीपर्यंत तीन जणांच्या स्टेटसवर होता.

नाव नोंदवण्याचं का लिहिलं? वहीतल्या ६४ पैकी ६२ माणसं आनंदाच्या भरात आपसूक परत आली. दोघं नाल्याच्या खालच्या अंगाला, रेंज नसलेल्या भागात, दुपारी चारपर्यंत शोधतच होती. त्यांच्यातला एक झटक्याच्या तारेला लागून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. जितक्या नावांनी शोध सुरू झाला तितकी नावं खोडली जाईपर्यंत शोध संपलेला नसतो. वहीत जाण्याच्या वेळेचा रकाना होता, येण्याच्या वेळेचा नव्हता.

बोल कुणाला लागला

पहिला तास कौतुकाचा गेला, दुसऱ्या तासापासून हिशेब सुरू झाला. "माय कुठी होती?" हा प्रश्न बापाबद्दल कोणी विचारला नाही. बाप त्या दिवशी कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, म्हणून मित्रांसोबत प्यायला बसला होता आणि रात्री दहापर्यंत त्याला उठवता आलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आई घरी स्वयंपाक करत होती. तरी बोल तिलाच. बायकांनी मोबाइल काढला, मालिका काढली, दुसऱ्या पोराला दूध पाजत होती हेही काढलं. काही जण याच्याही पुढं गेले. कोणी म्हणालं मेढे टाकले त्या शिवेवरून गेला, मारबतीनं धरलं. कोणी गुप्तधन म्हणालं. शेवटी एकानं विचारलं, "घरच्यांनीच लपवला नसंल?"

जिवंत परत आलेल्या मुलाच्या घराला हे सोसावं लागतं आणि त्याची आगाऊ कल्पना कोणी देत नाही. मूल गेलं असतं तर गावानं त्या घराला धरून ठेवलं असतं. परत आलं म्हणून दोन रात्रींच्या जागरणाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि मोडलेल्या मनगटाचा हिशेब त्या घराकडं मागितला जातो. अंगणवाडी सेविकेनं इथं साधी गोष्ट केली. चार दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास त्या घरी जाऊन बसली. फारसं बोलली नाही. ती बसलेली असताना बाकीच्या बायका मोठ्यानं बोलत नव्हत्या.

कागद

मूल घरी आलं तरी गुन्हा ठाण्यात उघडाच असतो. मुलाला बाल कल्याण समितीसमोर न्यायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत. समिती जिल्ह्याला बसते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. सोबत आई-वडिलांचं आधार, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत. बोनाफाइड गुरुवारीच घेऊन ठेवायचा, शुक्रवारी मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले असतात. "आमचंच पोट्टं, आमच्याच ताब्यात द्यायला साहेब कोण?" असा वडिलांचा आवाज चढला. समितीला घरात मारहाण, उपासमार किंवा त्यामागं काही वेगळं नाही ना, एवढं पाहायचं असतं हे पोलिसांनी वाटेत गाडीतच सांगितलं असतं तर तो चढला नसता. आदेश होऊन मुलगा त्याच दिवशी घरी आला.

मग समरीचं, म्हणजे तपास बंद करायच्या अहवालाचं, प्रकरण. अपहरण झालंच नव्हतं हे निघाल्यावर पोलीस न्यायालयात 'क' समरीचा अहवाल पाठवतात, म्हणजे तक्रार गैरसमजातून झाली, खरी म्हणता येत नाही आणि खोटीही नाही. मुद्दाम खोटी तक्रार असते तिची 'ब' समरी. गावात हा फरक कोणाला ठाऊक नसतो. नोटीस आली की शेजारी म्हणतात, "आता खोट्या केसमध्ये तुम्हीच आत." वडिलांनी ती नोटीस तीन आठवडे पेटीत लपवून ठेवली. पुढच्या वेळी ते कुणाला तक्रार द्या म्हणून सांगतील का? म्हणून 'क' चा अर्थ अंमलदारानं नोटीस देताना तोंडी सांगायचा, दोन वाक्यांत.

शाळा आणि रात्री

मुलगा चौथ्या दिवशी शाळेत गेला. मुलांनी त्याचं नाव 'लापता' ठेवलं होतं. बाईंनी परिपाठात त्याला पुढं उभं केलं नाही, त्याचा विषयही काढला नाही. मधल्या सुट्टीत दोन मोठ्या पोरांना बाजूला घेऊन नाव बंद करायला सांगितलं, आणि नंदी पडताना पाहिलेल्या त्या दोन मित्रांना त्याच्या दोन्ही बाजूंना बसवलं. आठवड्यानं सगळ्याच वर्गाला हरवलं तर काय करायचं ते शिकवलं: जागेवर थांबा, हाक आली की ओ द्या, आईच्या मोबाइलचा नंबर पाठ करा, आणि काही मोडलं-सांडलं तरी घरी या.

रात्री तो अंथरूण ओलं करायचा, दिवा मालवू द्यायचा नाही, आईचा पदर धरून झोपायचा. असं महिनाभर चालू शकतं, त्यासाठी मुलाला रागावू नये. महिन्यानंतरही कमी झालं नाही, किंवा मूल बोलायचं-खेळायचंच बंद झालं, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात न्यायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. या मुलाचं पाचव्या आठवड्यात थांबलं. त्याला जास्त उपयोग झाला तो शेजाऱ्यांचा. ज्यांचा नंदी होता त्या आजोबांनी शिंग फेविकॉलनं चिकटवलं, चाकाला नवा खिळा मारला आणि नंदी मुलाच्या घरी आणून ठेवला. म्हणाले, "पुढच्या साली तूच फिरव."

२ ऑक्टोबरची ग्रामसभा

ग्रामसभेत हा विषय निघाला तो बक्षिसावरून. बुधवारी रात्री एकानं भोंग्यावरून पोट्टा आणून देणाऱ्याला ११ हजार जाहीर केले होते. आणणारा बेड्यावरचा निघाल्यावर ते पैसे कोणाच्याच तोंडी आले नाहीत. सभेत पोलीस पाटलांनी ते विचारले. जाहीर करणारा म्हणाला, भावनेच्या भरात बोललो. बरंच बोलणं झालं. शेवटी वर्गणीतून ५ हजार जमा झाले आणि पाटील ते घेऊन बेड्यावर गेले. तो माणूस म्हणाला, सायकल त्या दिवशी कोणीतरी पाडली, तिची रिम वाकली आहे. तेवढी करून द्या. रिमचे पैसे घेतले, बाकीचे परत केले. बक्षीस जाहीर करायचंच असेल तर पैसे आधी ग्रामपंचायतीत जमा करावेत, नाहीतर करूच नये.

सभेनं वहीत आणखी रकाने आखून घेतले: परत आल्याची वेळ, सही, आणि सापडल्यावर दारात कोण उभं राहील, १०८ ला कोण फोन करील, मेसेज कोण टाकील, आणणाऱ्याजवळ कोण बसेल, अशी चार नावं. भोंग्यावरून काय बोलायचं तेही लिहून मंदिरातल्या अॅम्प्लिफायरला चिकटवलं.

एक गोष्ट मात्र परत घेता आली नाही. पहिल्या मेसेजमध्ये वडिलांचा मोबाइल नंबर होता. त्यावर अजून फोन येतात. कोणी वाशीमकडून म्हणतं मुलगा स्टँडवर दिसला. कोणी म्हणतं पाच हजार फोन पे करा, मग सांगतो कुठं आहे. म्हणून मेसेजवर घरचा नंबर कधीच टाकायचा नाही, ठाण्याचा टाकायचा, आणि तारीख घालायची. डिसेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत, वडील वावरात असताना असाच एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचा पोरगा हरवलाय तो भेटला का? फोन पोरानंच उचलला होता. "भेटला," म्हणाला, आणि ठेवून दिला.